अपवादाचा हिशेब

11 सप्टेंबर 2013 रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने व्लादिमीर पुतिन यांचा लेख छापला. अमेरिकेने सीरियावर हल्ला करू नये, असे आवाहन रशियाच्या अध्यक्षांनी थेट अमेरिकी जनतेला केले होते. स्वसंरक्षण किंवा सुरक्षा परिषदेची संमती, या दोन आधारांखेरीज बळाचा वापर संयुक्त राष्ट्रांच्या सनदेला मान्य नाही आणि तसा वापर म्हणजे आक्रमणच, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. आदल्या रात्री बराक ओबामा दूरचित्रवाणीवरून देशाशी बोलले होते. थोडे कष्ट घेऊन आणि थोडा धोका पत्करून मुलांना विषारी वायूपासून वाचवता येत असेल तर ते केले पाहिजे, अमेरिका इतरांहून वेगळी आहे ती यामुळेच, असे ते म्हणाले होते. पुतिन यांनी लेखाच्या शेवटी नेमके हेच विधान उचलले. हेतू कोणताही असो, आपण इतरांहून खास आहोत असे लोकांच्या मनावर बिंबवणे फार धोक्याचे आहे, असे त्यांनी बजावले.

अमेरिकेत त्यावर गदारोळ झाला. काही लोकप्रतिनिधींना तो देशाचा अपमान वाटला. सिनेटर जॉन मॅकेन यांनी एका रशियन संकेतस्थळावर उत्तर लिहून पुतिन यांच्या राजवटीतल्या दडपशाहीचा पाढा वाचला. मूळ प्रश्न त्या वादात मागेच राहिला. एखादा देश स्वतःला जगाच्या नियमांना अपवाद समजू शकतो का? आणि ज्याचे स्वतःचे हात स्वच्छ नाहीत अशाने हा प्रश्न विचारला, तर त्याला उत्तर द्यावे लागते का? जून 2025 मध्ये अमेरिकेने इराणमधील फोर्दो, नतांझ आणि इस्फहान येथील अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले. त्याला सुरक्षा परिषदेची संमती नव्हती आणि अमेरिकी काँग्रेसमध्येही त्याआधी मतदान झाले नव्हते. हे दोन्ही प्रश्न म्हणूनच जुने झालेले नाहीत.

आधी त्या लेखापुरते बोलू. सनदेविषयी पुतिन यांनी लिहिले ते कायद्याच्या दृष्टीने बरोबर होते. मात्र विषारी वायू सीरियाच्या सैन्याने वापरला नसून परकीय हस्तक्षेप घडवून आणण्यासाठी बंडखोरांनी वापरला असावा, असेही त्याच लेखात होते. 21 ऑगस्टच्या पहाटे दमास्कसलगतच्या घूता भागात सरिन वायूने शेकडो माणसे तडफडून मेली. अमेरिकी सरकारने दिलेला आकडा 1,429 होता. लेखानंतर पाचच दिवसांनी संयुक्त राष्ट्रांच्या तपास पथकाचा अहवाल आला. जमिनीवरून जमिनीवर डागलेल्या रॉकेटांतून सरिन सोडल्याचा स्पष्ट पुरावा त्यात होता. गुन्हेगार कोण हे सांगण्याचा अधिकार त्या पथकाला दिलेलाच नव्हता, पण अहवालातील तपशील सीरियाचे तेव्हाचे अध्यक्ष असाद यांच्या सैन्याकडे बोट दाखवत होते. त्यानंतर सहा महिने उलटले नाहीत तोच रशियाने क्रिमिया ताब्यात घेतला आणि समर्थनार्थ कोसोव्होच्या स्वातंत्र्याचा दाखला दिला. म्हणजे ज्या सनदेच्या नावाने पुतिन यांनी अमेरिकेला खडे बोल सुनावले होते, ती त्यांनी स्वतः धाब्यावर बसवली.

या लेखाचे आपण काय करायचे? लेखक खोटा म्हणून लेखच फेकून द्यायचा, की मुद्दा खरा म्हणून लेखकाचे खोटे पोटात घालायचे? भारतात या विषयावर बोलणारे बहुतेक जण यांपैकी एक वाट धरतात. मला दोन्ही चुकीच्या वाटतात, आणि का ते सांगण्यासाठी आधी अमेरिकेच्या या श्रद्धेकडे नीट पाहिले पाहिजे.

आपला देश जगावेगळा आहे ही अमेरिकी भावना देशाच्या जन्माहून जुनी आहे. 1630 मध्ये मॅसॅच्युसेट्सकडे निघालेल्या प्युरिटन वसाहतकारांना जॉन विन्थ्रप यांनी प्रवचनात सांगितले की आपली वसाहत डोंगरावरच्या नगरीसारखी असेल, साऱ्या जगाचे डोळे तिच्यावर असतील. त्या प्रवचनात अभिमानापेक्षा धाक अधिक होता. देवाशी केलेला करार आपण मोडला तर जगात आपली नालस्ती होईल, हा त्यातला इशारा पुढच्या पिढ्यांतील वक्त्यांनी गाळला आणि नगरी तेवढी ठेवली. दोनशे वर्षांनी फ्रान्समधून आलेल्या अलेक्सिस द तोकविल यांनीही अमेरिकनांची स्थिती अपवादात्मक असल्याचे लिहिले. ते एका अभ्यासकाचे निरीक्षण होते. त्यात कोणाला कोठे फौजा पाठवण्याचा परवाना नव्हता. उलट 4 जुलै 1821 रोजी परराष्ट्रमंत्री जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी भाषणात सांगितले होते की अमेरिका सर्वांच्या स्वातंत्र्याची हितचिंतक आहे, मात्र राक्षस मारायला ती परदेशी जात नाही. गेली तर ती जगावर हुकूमत गाजवू लागेल आणि स्वतःच्या आत्म्याची मालकीण राहणार नाही.

वेगळेपणाच्या या श्रद्धेतून सुरुवातीपासून दोन वाटा फुटल्या. आपण स्वतः नीट वागून जगापुढे उदाहरण ठेवावे, ही एक. आपल्याला जे लाभले ते इतरांपर्यंत पोहोचवणे हे आपले कर्तव्य, गरज पडली तर तलवारीने, ही दुसरी. अमेरिकेच्या इतिहासात या दोन वाटांची माणसे सतत एकमेकांशी भांडत आली आहेत. परदेशी टीकाकारांना हे भांडण सहसा दिसत नाही, आणि मला ती मोठी उणीव वाटते. मेक्सिकोविरुद्धचे युद्ध सुरू असताना 1847 च्या डिसेंबरात नवखे काँग्रेस सदस्य अब्राहम लिंकन यांनी अध्यक्ष पोक यांना विचारले की, अमेरिकी रक्त सांडले ती जागा नेमकी कोणती आणि ती अमेरिकेच्या भूमीवर होती हे दाखवा. त्याच युद्धाला आणि गुलामगिरीला विरोध म्हणून हेन्री डेव्हिड थोरो यांनी कर भरायचे नाकारले आणि एक रात्र तुरुंगात काढली. त्यावरून लिहिलेला त्यांचा निबंध पुढे दक्षिण आफ्रिकेत गांधीजींनी वाचला. फिलिपिन्स बळकावले तेव्हा मार्क ट्वेन साम्राज्यविरोधी संघटनेत सामील झाले. 4 एप्रिल 1967 रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये मार्टिन ल्युथर किंग यांनी व्हिएतनाम युद्धाची निर्भर्त्सना केली, तेव्हा त्यांच्या बाजूच्या वृत्तपत्रांनीही त्यांना झोडपले. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर तीन दिवसांनी अध्यक्षांना जवळजवळ अमर्याद युद्धाधिकार देणारा ठराव प्रतिनिधिगृहात 420 विरुद्ध 1 मतांनी संमत झाला. ते एक मत कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचे होते. या साऱ्यांनी अमेरिकेला अमेरिकेच्याच मापाने मोजले. ज्या देशात अशी माणसे युद्ध चालू असताना उभी राहून बोलतात आणि त्यांचे बोलणे नोंदले जाते, त्या देशाच्या वेगळेपणात काही तथ्य आहे असे मी मानतो. मॉस्कोत असे बोलणाऱ्यांचे आज काय होते ते जगाला माहीत आहे.

आता हस्तक्षेपाच्या बाजूचे सर्वांत बळकट म्हणणे ऐकू, कारण ते ऐकल्याशिवाय दिलेला निकाल टिकणार नाही. एप्रिल 1994 मध्ये रवांडात तुत्सींची कत्तल सुरू झाली. संयुक्त राष्ट्रांची छोटी फौज तिथे होती. तिचे प्रमुख जनरल रोमेओ दालेर अधिक सैनिक मागत होते. सुरक्षा परिषदेने 21 एप्रिलला ती फौज वाढवण्याऐवजी 270 माणसांवर आणली. सहा महिन्यांपूर्वी सोमालियातल्या मोगादिशूत आपले 18 सैनिक गमावलेल्या अमेरिकेला पुन्हा आफ्रिकेत पाय अडकवायचा नव्हता. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. त्या वेळी कोणी सार्वभौमत्व मोडले नाही, सनदेचे एकही कलम दुखावले गेले नाही. मार्च 1998 मध्ये बिल क्लिंटन किगालीला गेले आणि आपण पुरेसे केले नाही अशी कबुली त्यांनी दिली. जुलै 1995 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी सुरक्षित म्हणून जाहीर केलेल्या स्रेब्रेनिकात आठ हजार बोस्नियाक पुरुष व मुलगे ठार झाले. बोस्नियातले युद्ध त्यानंतरच्या नाटोच्या हवाई हल्ल्यांनी आणि अमेरिकेने डेटनमध्ये घडवून आणलेल्या कराराने थांबले. ऑगस्ट 2014 मध्ये सिंजारच्या डोंगरावर अडकलेल्या यझिदींवर ‘इस्लामिक स्टेट’चे मारेकरी चालून आले तेव्हा अमेरिकी विमानांनी यझिदींसाठी पाणी आणि अन्न टाकले व मारेकऱ्यांवर बॉम्ब टाकले. तिथे इराकी सरकारनेच मदत मागितली होती, म्हणून कायद्याचा प्रश्न नव्हता. पण ते काम करू शकेल अशी यंत्रणा जगात कितीजणांकडे होती? हजारो मैलांवर काही तासांत पोहोचण्याची ताकद असलेल्याने हात बांधून बसणे हीसुद्धा कृतीच असते, आणि तिचीही किंमत कोणीतरी मोजतो. ओबामांच्या त्या भाषणात ही कळकळ खरी होती. तिची टवाळी करणाऱ्याने आधी किगालीतल्या स्मारकात ठेवलेले अवशेष आठवावेत.

ही बाजू मी मनापासून मांडली, आणि तरीही ती मला शेवटपर्यंत नेत नाही. कारण वाचवण्याची ताकद असलेल्या देशाने ती ताकद कशी वापरली याचा जमाखर्च कळकळीने भरून निघत नाही.

5 फेब्रुवारी 2003 रोजी कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत इराकच्या संहारक शस्त्रांची चित्रे दाखवली. ती शस्त्रे नव्हती. अमेरिकेच्याच इराक सर्वेक्षण गटाने दुसऱ्या वर्षी तसे लिहून दिले. या युद्धात चार हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक आणि एक लाखाहून कितीतरी अधिक इराकी नागरिक मेले. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी सप्टेंबर 2004 मध्ये ते युद्ध सनदेच्या दृष्टीने बेकायदा असल्याचे सांगितले. पण निर्णय घेणाऱ्या कोणाला त्याचा जाब द्यावा लागला? ब्रिटनने निदान चिलकॉट चौकशी केली आणि 2016 मध्ये टोनी ब्लेअर यांच्या सरकारवर कडक ताशेरे ओढणारा अहवाल प्रसिद्ध झाला. अमेरिकेत गुप्तचरांच्या चुकांची चौकशी झाली. युद्ध पुकारणाऱ्यांच्या निर्णयाची तशी सर्वंकष चौकशी झाली नाही. अबू ग्रेबच्या तुरुंगातल्या छळाबद्दल शिक्षा झाल्या त्या प्रामुख्याने खालच्या हुद्द्यांच्या सैनिकांना.

माझा आक्षेप इथेच आहे. आम्ही वेगळे आहोत म्हणून आमच्यावर अधिक जबाबदारी आहे, असे म्हणणे एक आणि आम्ही वेगळे आहोत म्हणून आम्हाला तुमचे न्यायालय लागू नाही, असे म्हणणे दुसरे. अमेरिका पहिले बोलते आणि दुसरे वागते. निकाराग्वाच्या बंदरांत सुरुंग पेरल्याबद्दल आणि तिथल्या बंडखोरांना शस्त्रे पुरवल्याबद्दल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 27 जून 1986 रोजी अमेरिकेला दोषी ठरवले. त्या वेळी न्यायालयाचे अध्यक्ष भारताचे नगेंद्र सिंग होते. अमेरिकेने खटल्याच्या दुसऱ्या टप्प्यात भागच घेतला नव्हता. निकाल पाळावा असा ठराव सुरक्षा परिषदेत आला तेव्हा तिने नकाराधिकार वापरला. 2002 मध्ये अमेरिकेने असा कायदा केला की, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने अमेरिकी सैनिकाला ताब्यात घेतले तर त्याला सोडवण्यासाठी अध्यक्षांना आवश्यक ते सर्व मार्ग वापरता येतील. त्याच न्यायालयाने मार्च 2023 मध्ये पुतिन यांच्यावर अटक वॉरंट काढले तेव्हा अध्यक्ष बायडन यांनी ते योग्य ठरवले. नोव्हेंबर 2024 मध्ये बेंजामिन नेतान्याहू यांच्यावर वॉरंट निघाले, तेव्हा त्यांनीच त्याला संतापजनक म्हटले. एकाच माणसाने, एकाच न्यायालयाबद्दल, दीड-पावणेदोन वर्षांच्या अंतराने! ज्याला खरोखर जास्त जबाबदारी घ्यायची आहे त्याने चौकशीलाही इतरांपेक्षा आधी उभे राहायला हवे.

आता टीकाकारांकडे वळतो, म्हणजे आपल्याकडेही. अमेरिकेच्या हस्तक्षेपावर परदेशातून टीका झाली की वॉशिंग्टनमधून ठरलेले उत्तर येते: तुम्ही कोण बोलणार? रशियाच्या बाबतीत हे उत्तर झोंबणारे आहे आणि रास्तही. 24 फेब्रुवारी 2022 रोजी युक्रेनवर फौजा घालताना पुतिन यांनी बेलग्रेड, इराक, लिबिया, सीरिया या सगळ्यांची यादी वाचली आणि सनदेच्या 51 व्या कलमाचाही आधार घेतला. दुसऱ्याचा गुन्हा त्यांनी आपल्या गुन्ह्याचे भांडवल केले. अशा तोंडातून आलेली टीका ऐकताना अमेरिकी माणसाला राग येणे स्वाभाविक आहे. तरीही इराकयुद्ध बेकायदा होते असे पुतिन म्हणतात, म्हणून ते कायदेशीर ठरत नाही. चोराने दाखवलेली उघडी खिडकीसुद्धा उघडीच असते. टीकाकाराचे चारित्र्य तपासायचे ते त्याच्या सल्ल्यावर विसंबायचे की नाही हे ठरवण्यासाठी. त्याने सांगितलेली गोष्ट खरी की खोटी, हे ठरवायचे तर ती गोष्टच तपासावी लागते.

भारताला ‘तुम्ही कोण?’ हा प्रश्न नवा नाही. 18 डिसेंबर 1961 रोजी भारतीय सैन्य गोव्यात शिरले. साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता दुसऱ्या दिवशी संपली. त्याआधी आपण चौदा वर्षे वाटाघाटींचे दार ठोठावत होतो. 1955 च्या मे महिन्यात सेनापती बापट आणि ना. ग. गोरे यांच्या तुकडीने सीमा ओलांडली, लाठ्या खाल्ल्या, गोऱ्यांनी तुरुंग भोगला. त्याच वर्षीच्या 15 ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार बधले नाहीत. एवढा इतिहास असूनही सुरक्षा परिषदेत अमेरिकेचे प्रतिनिधी अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन यांनी भारतावर कडाडून टीका केली. आज संयुक्त राष्ट्रांच्या अंताचा आरंभ आपण पाहत आहोत, असा त्यांचा सूर होता. युद्धबंदी आणि फौजा माघारीची मागणी करणाऱ्या ठरावाच्या बाजूने 7 आणि विरोधात 4 मते पडली. सोव्हिएत नकाराधिकाराने तो पडला. भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा यांनी वसाहतवादाचा अंत ही आमची मूळ निष्ठा आहे, मग सनद असो वा नसो, परिषद असो वा नसो, अशा अर्थाचे उत्तर दिले होते.

गोव्याची मुक्तता न्याय्य होती याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण झा यांचे ते विधान मी आज पुन्हा वाचतो तेव्हा त्यात अपवादाचीच भाषा ऐकू येते. आमचा हेतू इतका उघड न्याय्य आहे की नियम आमच्या आड येऊ नये, हे तेव्हा आपण म्हणत होतो आणि नियमाची आठवण अमेरिका करून देत होती. दहा वर्षांनी पूर्व पाकिस्तानात हेच अधिक मोठ्या प्रमाणावर घडले. सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते. ढाक्यातील अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 6 एप्रिल 1971 रोजी आपल्याच सरकारच्या मौनाचा निषेध करणारी तार पाठवली, तरी निक्सन आणि किसिंजर पाकिस्तानचे लष्करशहा याह्याखान यांच्या पाठीशी उभे राहिले. युद्ध पेटल्यावर 7 डिसेंबरला आमसभेने युद्धबंदी आणि सैन्यमाघारीचा ठराव 104 विरुद्ध 11 मतांनी संमत केला. जगातले बहुसंख्य देश त्या दिवशी आपल्या भूमिकेच्या विरुद्ध होते. त्यांत आपले अलिप्ततावादी मित्रही होते. बांगलादेश स्वतंत्र झाला, आणि त्या 104 मतांची आज कोणी आठवण काढत नाही.

या दोन प्रसंगांतून काय घ्यायचे? परकीय टीका बहुमताने होते म्हणून बरोबर ठरत नाही, हे एक. आणि आपला हस्तक्षेप तेवढा शुद्ध, इतरांचा तेवढा साम्राज्यवादी, असे मानण्याचा मोह एकट्या अमेरिकेचा नाही, हे दुसरे. श्रीलंकेत 1987 ते 1990 या काळात गेलेल्या आपल्या शांतिसेनेचे हजाराहून अधिक जवान मेले. तिथल्या तमिळ नागरिकांच्या त्या सेनेबद्दलच्या आठवणी आपल्या पाठ्यपुस्तकांत सापडत नाहीत. मार्च 1999 मध्ये कोसोव्होवरून नाटोने युगोस्लाव्हियावर बॉम्बफेक सुरू केली तेव्हा ती ताबडतोब थांबवावी अशा ठरावाचा मसुदा रशिया आणि बेलारूसबरोबर भारताने मांडला; तो 3 विरुद्ध 12 मतांनी पडला. युक्रेनच्या वेळी मात्र भारत आमसभेत तटस्थ राहिला. तेलाची, शस्त्रांची, तिथे अडकलेल्या आपल्या विद्यार्थ्यांची कारणे मला समजतात. तरी कोसोव्होच्या वेळी जी सनद आपल्याला अभंग वाटली, ती कीव्हच्या वेळी का वाटू नये, याचे उत्तर मला सापडलेले नाही. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात 16 मार्च 2022 रोजी रशियाने लष्करी कारवाई थांबवावी असा आदेश 13 विरुद्ध 2 मतांनी निघाला तेव्हा भारताचे न्यायमूर्ती दलवीर भंडारी बहुमतात होते. ते सरकारचे मत नव्हते, पण भारतीय न्यायबुद्धीचे मत म्हणून मला ते अधिक जवळचे वाटते.

हस्तक्षेपाविरुद्धचा सर्वांत मोठा व्यावहारिक मुद्दा मला लिबियाने शिकवला. 17 मार्च 2011 चा 1973 क्रमांकाचा ठराव बेनगाझीच्या नागरिकांना वाचवण्यासाठी होता. भारत, ब्राझील, जर्मनी, रशिया आणि चीन तटस्थ राहिले, कोणी आडवे आले नाही. काही महिन्यांत नागरिकांच्या रक्षणाची ती मोहीम राजवट उलथवण्याची मोहीम झाली. गद्दाफी मारले गेले आणि लिबिया टोळ्यांच्या हाती गेला. त्याची शिक्षा भोगली सीरियाने. पुन्हा फसणार नाही असे म्हणत रशिया आणि चीनने ऑक्टोबर 2011 पासून सीरियाविषयीचे ठराव नकाराधिकाराने पाडायला सुरुवात केली. फेब्रुवारी 2012 मधला, भारताने बाजूने मत दिलेला ठरावही तसाच पडला. रशियाचा कांगावा त्यात किती आणि खरी फसवणूक किती, यावर वाद घालता येईल. मर्यादित परवानगीचा अमर्याद वापर केला की पुढच्या पीडितासाठी परवानगीच मिळत नाही, एवढे मात्र उघड आहे. 2011 ते 2021 या दहा वर्षांत सीरियात तीन लाखांहून अधिक नागरिक मेल्याचा संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाचा अंदाज आहे.

मग 2013 मध्ये हल्ला न करणे बरोबर होते का? ब्रिटिश संसदेने 29 ऑगस्टला 285 विरुद्ध 272 मतांनी लष्करी कारवाई नाकारली, ओबामांनी प्रश्न काँग्रेसपुढे नेला, आणि रशियाच्या मध्यस्थीने करार झाला. सीरियाने जाहीर केलेली सुमारे 1,300 टन रासायनिक शस्त्रसामग्री बाहेर काढून नष्ट केली गेली. एकही क्षेपणास्त्र न डागता इतके विष जगातून कमी झाले, ही मोठी कमाई होती. पण जाहीर केले नव्हते ते उरले. 4 एप्रिल 2017 रोजी खान शेखूनमध्ये पुन्हा सरिन पसरला, ऐंशीहून अधिक माणसे मेली. तीन दिवसांनी ट्रम्प प्रशासनाने सीरियाच्या शायरात हवाई तळावर 59 टॉमाहॉक क्षेपणास्त्रे डागली. कायद्याचा आधार त्याला नव्हता, आणि त्याने युद्धाची दिशाही बदलली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सहभागाने नेमलेल्या चौकशी यंत्रणेने त्या हल्ल्याचा ठपका असाद सरकारवर ठेवला, तेव्हा रशियाने त्या यंत्रणेची मुदतवाढच नकाराधिकाराने रोखली. 2013 चा करार मला आजही त्या वेळच्या पर्यायांतला सर्वांत चांगला वाटतो. मात्र तो मोडल्यावर जाब विचारण्याची जबाबदारी ज्या देशाने घेतली होती, त्यानेच चौकशीचे दार बंद केले. पुतिन यांच्या लेखाचा खरा निकाल तिथे लागला.

माझे मत असे. सनदेबाहेरचा हस्तक्षेप चूकच मानून सुरुवात करावी आणि तो बरोबर होता हे सिद्ध करण्याचे ओझे करणाऱ्यावर टाकावे, मग तो वॉशिंग्टन असो, मॉस्को असो वा दिल्ली. कोसोव्होबद्दल न्यायमूर्ती रिचर्ड गोल्डस्टोन यांच्या सहअध्यक्षतेखालील स्वतंत्र आयोगाने ती कारवाई बेकायदा पण समर्थनीय ठरवली होती. असा निकाल क्वचित द्यावा लागेल, हे मी मान्य करतो. पण तो निकाल कारवाई करणाऱ्याने स्वतःच स्वतःला देऊ नये. कारवाई करावीच लागली तर नंतर कागदपत्रे, बॉम्बखाली मेलेल्यांची नावे आणि आपले अधिकारी तटस्थ चौकशीपुढे ठेवण्याची तयारी हवी. ऑगस्ट 2021 मध्ये काबूलमध्ये अमेरिकी ड्रोनने सात मुलांसह दहा निरपराध मारले. पेंटागॉनने चूक कबूल केली, पण कोणावरही शिस्तभंगाची कारवाई केली नाही. एवढ्यावर भागत नाही.

टीका करणाऱ्यांकडेही मागणी आहे. सार्वभौमत्वाचा जप करताना घूतातल्या, रवांडातल्या माणसाला तुम्ही काय देणार, ते सांगा. या दिशेने एक साधी सूचना फ्रान्सने 2013 पासून लावून धरली आहे: सामूहिक कत्तलींच्या प्रसंगी पाचही स्थायी सदस्यांनी आपण होऊन नकाराधिकार वापरू नये. शंभराहून अधिक देशांनी तिला पाठिंबा दिला आहे. सुरक्षा परिषदेत कायम जागा मागणाऱ्या भारताने ती जागा मिळण्याआधीच हे बंधन आपल्याला मान्य असल्याचे जाहीर करावे आणि मग अमेरिकेला प्रश्न विचारावेत. अमेरिका, रशिया आणि चीन यांनी ते अजून मान्य केलेले नाही.